पन्हाळीतला हंगाम

इंग्लंड-अमेरिकेत छपराच्या पन्हाळी भरतात त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. झाडे पाने टाकतात, लगोलग पाऊस किंवा बर्फ सुरू होतो आणि शिडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या सफाईवाल्यांची चलती होते. तिकडे हा धंदा इतका रुळलेला आहे, की २००७ मध्ये आयरोबोट या अमेरिकी कंपनीने पन्हाळीतून सरपटत जाऊन पाला बाहेर उडवणारे एक यंत्रच बाजारात आणले होते.

हिंगोलीत हे वेळापत्रक पार उलटे पडते. इथे कडुनिंब आणि पिंपळ उन्हाळ्याच्या तोंडावर पाने टाकतात, पाडव्याच्या सुमारास नवी पालवी फुटते आणि गळलेला पाला पुढचे दोन-तीन महिने छपरावर नुसता वाळत पडतो. पाणी नाही म्हणून तक्रारही नाही. त्या पाल्यात संक्रांतीच्या पतंगांचे सांगाडे असतात, पोरांचे हरवलेले चेंडू असतात, पारव्यांच्या घरट्यांच्या काड्या असतात आणि कोणी कधी टाकल्या ते कोणीच कबूल करत नाही अशा गुटख्याच्या पुड्याही असतात. मग मृगाची पहिली जोरदार सर येते, हा सगळा ऐवज वाहत जाऊन पाइपाच्या तोंडाशी घट्ट बसतो आणि घरमालकाला छप्पर आठवते.

पावसाआधी छपरे, गच्च्या आणि पन्हाळी साफ करून देण्याचा हंगामी धंदा हिंगोलीसारख्या जिल्ह्यात उभा राहू शकतो का, हा प्रश्न म्हणून विचारण्यासारखा आहे. उत्तर ‘हो’ असे देता येते, पण परदेशी नमुना जसाच्या तसा उचलून नाही. मुळात इथली छपरे वेगळी आहेत, आणि त्यामुळे गिऱ्हाईकही वेगळे आहे.

महाराष्ट्रात छपराची हंगामी निगा ही काही नवी गोष्ट नव्हे. कोकणात पावसाआधी घरे शाकारत. कौले उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवत. मराठवाड्यात धाब्याची, म्हणजे माळवदाची घरे होती. लाकडी किलचावर मातीचा जाड थर, आणि पाऊस पडण्याआधी त्यावर पांढऱ्या मातीचा नवा हात. कडेच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या लाकडी वा पत्र्याच्या पन्हाळीतून पाणी गल्लीत पडे. उन्हाळ्यात घर थंड राही, रात्री वर झोपायची सोय होई आणि पाणीही बऱ्यापैकी अडे. मात्र दर वर्षी पडणारी नवी माती जुन्या मातीवर साठत जाई. माळवद जड होत जाई आणि खालच्या दगड-मातीच्या भिंती होत्या तशाच राहत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला भूकंपाने हलवले तेव्हा हा भार झोपेतल्या माणसांवर आला. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारीच्या या भूकंपानंतर माळवदाचा धसकाच बसला, आणि त्याची जागा लोखंडी पत्र्याने व सिमेंटच्या स्लॅबने झपाट्याने घेतली.

पत्र्याचा स्वतःचा त्रास आहे. तो हलका, म्हणून वाऱ्याने उडतो. उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायचे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, आसपासच्या जिल्ह्यांतही जाणवला, आणि प्रशासनाने लोकांना आवाहन केले ते नेमके हेच, की पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्या. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का आला. छपरावर चढणाऱ्या माणसाला या जिल्ह्यात झाडूबरोबर पाना आणि आकड्याचे बोल्टही का न्यावे लागतात, ते इथे कळते. दगड उतरवून द्यायचे तर पत्रा बोल्टने आवळून द्यायला हवा. तो आवळतानाच बोल्टखालचा उन्हाने तडकलेला रबरी वायसर बदलायचा. पत्र्याची बहुतेक गळती तिथूनच सुरू होते.

घरांचा हिशेब करून पाहू. हिंगोली, वसमत, कळमनुरी या गावांत पत्र्याच्या बहुतेक घरांना पन्हाळच नसते. पागोळ्या सरळ अंगणात पडतात. स्लॅबच्या घराला गच्ची असते आणि गच्चीच्या कोपऱ्यात पाणी जायला एक-दोन तोंडे. तिथली सफाई अर्ध्या-पाऊण तासाची. दोन माणसांची जोडी सकाळी सहा ते दहा काम करील आणि तीन गच्च्या उरकील, असे धरू. मे महिन्यात दहानंतर पत्र्यावर किंवा कोब्यावर पाय ठरत नाही, त्यामुळे दिवसभराचे काम धरणे खोटे. वीस सकाळी म्हणजे साठ गच्च्या. गच्चीमागे पाचशे रुपये घेतले तरी हंगामाची उलाढाल तीस हजार, आणि त्यातून दोघांची मजुरी, शिडी, पेट्रोल सगळे काढायचे. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. पण दर वाढवून पाहिला तरी नुसत्या घरगुती गच्च्यांवर धंदा तग धरत नाही, एवढे त्यातून दिसते. शिवाय घरमालकाचा आवडता युक्तिवाद असतोच, ‘आमचा पोरगा चढेल की वर.’

खरे काम मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात आहे.

हिंगोली जिल्हा हळदीचा. हिंगोलीचे संत नामदेव हळद मार्केट यार्ड दूरदूरच्या कास्तकारांना आणि व्यापाऱ्यांना माहीत आहे; वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येते ती उन्हाळ्यात, आणि भावाची वाट पाहत पावसाळाभर गोदामात राहते. ही गोदामे एकाला एक लागून असतात. दोन शेडच्या उतारांच्या मध्ये जी खोलगट पत्र्याची पन्हाळ येते, ती या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित जागा. घराच्या कडेची पन्हाळ तुंबली तर पाणी बाहेर सांडते, फार तर भिंत ओली होते. दोन शेडमधली पन्हाळ तुंबली तर पाण्याला बाहेर जायला वाटच नसते. ते पत्र्याच्या सांध्यावरून आत उतरते, थेट पोत्यांच्या थप्पीवर.

किती पाणी? एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढे एकच गणित पाठ असले की पुरते. वीस मीटर रुंद आणि तीस मीटर लांब अशी दोन गोदामे शेजारी आहेत असे धरू. दोघांचे आतल्या बाजूचे उतार मिळून सहाशे चौरस मीटर होतात, आणि ते सगळे पाणी मधल्या एकाच पन्हाळीत येते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की सरकारदप्तरी अतिवृष्टी नोंदली जाते. त्या हिशेबाने एका दिवसात ३९ हजार लिटर. पण पाऊस दिवसभरात समान वाटून पडत नाही. त्यातले तीस मिलिमीटर अर्ध्या तासात कोसळले तर पन्हाळीत सेकंदाला दहा लिटर पाणी येते. पाइपाचे तोंड पाल्याने निम्मे बुजलेले असेल तर पाण्याची पातळी सांध्यापर्यंत चढायला फार वेळ लागत नाही. नीट वाळवलेल्या हळदीत दहा टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो. पोते भिजले की बुरशी धरते, रंग जातो, आणि व्यापारी पोत्यात हात घालताच भाव पाडतो. एका थप्पीच्या नुकसानीपुढे पन्हाळ साफ करण्याची मजुरी किरकोळ आहे. हे गिऱ्हाईक घासाघीस करील, पण ‘पोरगा चढेल’ असे म्हणणार नाही.

मोंढ्याशिवाय जिनिंगच्या शेड आहेत, पेट्रोल पंपांची छते आहेत, मंगल कार्यालये आहेत. वसमतच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी गाळप उन्हाळ्याआधी किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला थांबते आणि देखभालीची कामे मग निघतात. मराठवाड्यात अशा कामाला लोक ‘गुत्तं’ म्हणतात. नगावर नाही, एकरकमी बोलणी होतात. त्यामुळे आधी जाऊन छप्पर मोजणे, पन्हाळीची लांबी, तोंडांची संख्या आणि चढायची वाट बघणे हे कामाइतकेच महत्त्वाचे ठरते. न बघता गुत्तं घेतलेला माणूस पहिल्याच हंगामात हात पोळून घेतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा विचार वेगळा करावा लागेल. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि वर्ग गळतोय हे पहिल्याच आठवड्यात कळते. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला पटसंख्येनुसार वार्षिक अनुदान मिळते. तीस मुलांपर्यंत दहा हजार, शंभरपर्यंत पंचवीस हजार, अडीचशेपर्यंत पन्नास हजार, असा त्याचा चढता क्रम ठरलेला आहे आणि किरकोळ देखभाल त्यातून करता येते. निर्णय शाळा व्यवस्थापन समितीचा. एका शाळेचे काम छोटे असते, पण एकाच रस्त्यावरच्या पाच-सहा गावांच्या शाळा एका फेरीत बसवल्या तर जाण्या-येण्याचा खर्च वाटला जातो. औंढा नागनाथ किंवा सेनगाव तालुक्यातल्या लांबच्या गावांसाठी एवढा एकच मार्ग परवडतो.

आता वेळेचे. रोहिणी नक्षत्र लागते २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला. एप्रिलमध्ये साफ केलेली गच्ची मे महिन्यातल्या वादळाने पुन्हा भरते, कारण अवकाळी वारे सगळी धूळ, पाला आणि शेजाऱ्याच्या शेडची ताडपत्रीसुद्धा आणून टाकतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे तर पाऊस गाठतो, आणि छपरावर चढणारे मजूर पेरणीसाठी शेतात जातात. राहता राहिले मेचे शेवटचे पंधरा दिवस आणि जूनचा पहिला आठवडा. या तीन आठवड्यांत जो माणूस ‘उद्या येतो’ म्हणून परवा जातो, त्याचा हंगाम संपला.

पण एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कडुनिंबाच्या निंबोळ्या पिकून गळतात त्या जून-जुलैत, ऐन पावसात. म्हणजे मेअखेरीस लख्ख केलेली गच्ची जुलैच्या मध्यावर चिकट निंबोळ्यांनी पुन्हा बुजलेली असते. ज्या घरावर निंबाची फांदी आलेली आहे, तिथे दुसरी फेरी लागतेच. ती आधीच ठरवून, थोड्या कमी पैशांत द्यावी. पिंपळाचे आणखी वेगळे. पक्ष्यांच्या विष्ठेतून त्याचे बी गच्चीच्या कठड्यात, पन्हाळीच्या सांध्यात रुजते, आणि दोन पावसाळ्यांत मुळे भिंत चिरत आत शिरतात. वरून कापलेले रोप पुन्हा फुटते. मुळासकट काढून ती चीर बुजवावी लागते. हे काम सफाईपेक्षा जास्त पैसे देते.

साचलेल्या पाण्याचे वजन लोकांना पटकन पटत नाही. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर तोंड तुंबून चार बोटे, म्हणजे साधारण साडेसात सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते पावणेचार टन होते. भरलेल्या दोन-अडीच मोटारगाड्या डोक्यावर उभ्या असल्यासारखेच ते. चांगला स्लॅब तो भार सहन करतो. पण तेच पाणी जुन्या ब्रिकबॅट कोब्याच्या तड्यातून आतल्या सळईपर्यंत पोचते, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. शिवाय डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो ते असल्याच निवांत, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि अंडी कोरड्या जागी कित्येक महिने टिकतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगते तेव्हा लोक रांजण आणि कूलर रिकामे करतात. गच्चीच्या कोपऱ्याकडे आणि पन्हाळीकडे सहसा कोणी पाहत नाही.

याच पाण्याची दुसरी बाजू अशी, की मराठवाड्यात ते वाया घालवण्याची ऐपत कोणाची नाही. हिंगोलीत वर्षाला साधारण आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो. पंतप्रधान आवास योजनेतले ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे. आठशे मिलिमीटर धरले आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी त्या एका छपरावरून सोळा हजार लिटर पाणी मिळते. ते टाकीत किंवा बोअरच्या शेजारच्या शोषखड्ड्यात नेण्यासाठी पन्हाळ लागते, पाइप लागतो, आणि पहिल्या एक-दोन सरींचे धुळीचे पाणी बाहेर सोडणारी बगल लागते. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नगरपालिका हद्दीत पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पाऊसपाणी संकलन बंधनकारक आहे. व्यवस्था बसवली जाते, परवाना मिळतो, आणि पुढे तिच्या गाळणीतली वाळू वर्षानुवर्षे कोणी धूत नाही. सफाईवाल्याने ही वाळू धुण्याचे आणि पाण्याच्या टाक्या घासून देण्याचे काम जोडून घेतले तर एकाच घरी तिप्पट बिल होते. माणूस तोच आणि शिडीही तीच.

एका कामाला मात्र हात लावायचा नाही. गावात सफाईवाला म्हणून नाव झाले, की कोणीतरी सेप्टिक टँक किंवा भूमिगत गटाराचे झाकण दाखवतोच. २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला अशा ठिकाणी उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असे मृत्यू थांबत नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृताच्या कुटुंबाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. या कामासाठी यंत्र असलेली गाडी बोलवा, एवढेच सांगून शिडी उचलावी.

छपरावरचा धोका वेगळ्या जातीचा आहे. सर्वांत फसवा म्हणजे सिमेंटचा पत्रा. वरून तो दणकट दिसतो आणि पाय पडला की मधोमध फुटतो. त्यावर चालायचे ते बोल्टच्या ओळीवरून, जिथे खाली आडवी कैची किंवा पाइप आहे तिथूनच, आणि शक्यतो फळी टाकून. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो कोरडा खरवडायचा नाही, ओला करून हलक्या हाताने पुसायचा, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर चांगला मास्क लावायचा. दाबाच्या पाण्याचे यंत्रही त्यावर मारू नये. लोखंडी शिडी गावातल्या लोंबत्या तारांखाली जीव घेते, म्हणून फायबरची शिडी घ्यावी, महाग पडली तरी. शिडी भिंतीला टेकवताना उंचीच्या चौथाई अंतर बुंध्याशी सोडावे. चार मीटर उंचीला एक मीटर. आणि मे-जूनमध्ये दुपारनंतर आभाळ काळवंडू लागले की पत्र्यावरून उतरावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा मोबाइलवर देते, फुकट.

विम्याचे टाळू नये. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपये भरून अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते, आणि तिचे वर्ष १ जून ते ३१ मे असते. म्हणजे हप्ता खात्यातून कापला जातो तो ऐन हंगामात. त्या दिवशी मजुराच्या खात्यात वीस रुपये असतील एवढे मालकाने बघावे. मालक स्वतः वर चढत असेल तर त्याने दोन लाखांवर समाधान मानू नये.

कागदपत्रे फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत सेवेच्या धंद्याला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. मात्र शाळा आणि कारखाने पक्के बिल मागतात, म्हणून उद्यम क्रमांक छापलेले बिलबुक पहिल्या दिवसापासून हवे. शिडी, दोन अंगपट्टे आणि दोर, खुरपी, पत्र्याची सुपडी, गोणपाट, दाबाच्या पाण्याचे छोटे यंत्र, बोल्ट-वायसर आणि सांधे भरायचे सामान एवढ्यावर सुरुवात होते. मुद्रा योजनेचे शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंतचे आहे. छोट्या सुरुवातीला ते पुरावे.

हा धंदा कोणी सुरू करावा? नव्याने शिकणाऱ्यापेक्षा रंगकाम करणाऱ्यांना तो जास्त सोपा जाईल. उंचीची भीती मोडलेली असते, शिडी-दोर घरचे असतात, गावातली घरे आतून-बाहेरून पाहिलेली असतात, आणि पावसाळ्यातल्या दुसऱ्या फेरीला, बाहेरचे रंगकाम थांबल्यामुळे, हात रिकामे असतात. पत्रे टाकणारे वेल्डरही चालतील, पण मे महिन्यात त्यांना स्वतःच्याच कामातून फुरसत नसते.

सप्टेंबरचा हंगाम मात्र अजून कोणी फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. सोयाबीन काढणीला येते तेव्हा पाऊस गेलेला असतोच असे नाही. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत हिंगोली, परभणी आणि नांदेडला पावसाने झोडपून काढले, आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. याच सुमारास गोदामे रिकामी होऊन नव्या मालासाठी तयार होत असतात. तीन महिन्यांच्या पावसाने पन्हाळीत शेवाळ आणि गाळ बसलेला असतो, पाइपाच्या कोपरात निंबोळ्यांचा बोळा असतो, आणि आत येऊ घातलेले सोयाबीन हळदीपेक्षाही लवकर भिजून खराब होते. व्यापारी तेव्हा काढणीच्या भावात गुंतलेला असतो, फोन उचलत नाही. म्हणून जूनचे काम संपवून बिल देतानाच सप्टेंबरच्या फेरीची तारीख त्याच बिलावर लिहून घ्यावी, आणि जमले तर थोडा इसारही.